पट्टीचा हिशोब भिंतीगणिक करा
११ बाय ९ फुटाची खोली म्हणजे चार भिंती मिळून ४० फूट, मग छताच्या मोल्डिंगला (भिंत आणि छत मिळतात तिथली शोभेची पट्टी) ८ फुटाच्या ५ पट्ट्या बास, हा हिशोब कागदावर बरोबर आहे पण प्लीज तेवढ्याच आणू नका. चार भिंतींना चार अख्ख्या लागल्या की पाचवीतून ३, ३, १, १ फूट काढायचे म्हणजे बरोब्बर ८, आणि करवतीचं पातं खातं ते, कोपऱ्यांच्या ४५ अंशाच्या तिरक्या कटात जातं ते कुठून येणार? त्यापेक्षा १२ फुटी मिळत असेल तर ४ घ्या, प्रत्येक भिंतीला एक, मधे जोडच नाही. दाराच्या चौकटीभोवती पट्टी लावताना तर वरच्या आडव्या तुकड्याच्या लांबीत दोन्हीकडे पट्टीची रुंदी वाढवावीच लागते, ३ इंची पट्टी असेल तर ६ इंच जास्त, हे हमखास विसरतं.