बुलेट ५०० ला नुसता ‘हॉट कॅम’ (व्हॉल्व जास्त उघडणारा कॅम) टाकून २७ ची ३५ अश्वशक्ती होते म्हणणाऱ्यांना उत्तर

पुशरॉड_पुणे
काल इथे एकाने सल्ला दिला, “क्लासिक ५०० आहे ना, मिळेल तो सगळ्यात मोठ्या ड्युरेशनचा (व्हॉल्व जास्त वेळ उघडा ठेवणारा) कॅम टाक, बाकी कशाला हात लावू नको, २७ ची सरळ ३५ होते.” खाली लाईकचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तर पुढे जा.

स्टॉकला (कंपनीतून आलेल्या गाडीला) टॉर्क ४१.३ एनएम, तोही ४००० आरपीएमला. पॉवर २७.२, ती ५२५० ला, म्हणजे तिथे पोचेपर्यंत टॉर्क ३७ वर घसरलेला असतो. आता ३५ हवेत तर तोच ४१ चा टॉर्क ६००० पर्यंत टिकवायला लागेल. हेड तेच, पोर्ट तेच, थ्रॉटल बॉडी तीच, मग हवा येणार कुठून? वर स्ट्रोक ९० मिमीचा, ६५०० ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेएकोणीस मीटर होतो, आणि हायड्रॉलिक लिफ्टर (कॅमवर बसून पुशरॉड, म्हणजे व्हॉल्वकडे जाणारी दांडी, ढकलणारे तेलावरचे भाग) तिथे काय करतील ते वेगळंच.

दुसरं म्हणजे कॉम्प्रेशन रेशो साडेआठ, म्हणजे कमीच. ड्युरेशन लांबवली की इनटेक उशिरा बंद होतो, पिस्टन वर निघाला तरी व्हॉल्व उघडाच, त्यामुळे कमी आरपीएमला आत घेतलेलं मिक्स्चर परत मागे ढकललं जातं. मग ताम्हिणीत मागे बायको आणि दोन्ही बाजूंना सामान घेऊन बसा पहिला-दुसरा करत. आधी गाडी कुठल्या आरपीएमला चालवता ते ठरवा, मग पिस्टन, हेड, एक्झॉस्ट, आणि या सगळ्याला जुळेल तो कॅम. सगळ्यात मोठा नाही, जुळेल तो!

रेडलाईन_नाशिक
ती पोस्ट माझी आहे, नाव घ्यायला लाज वाटली का? मी फ्री-फ्लो एक्झॉस्ट (मोकळा सायलेन्सर) धरूनच बोललो होतो. तुम्ही कॅल्क्युलेटर घेऊन बसा, आम्ही गाडी चालवतो. माझी आधी ९० ला दमायची, आता ११० ला गाते, कसाऱ्याला स्वतः अनुभव घेतलाय.

पुशरॉड_पुणे
चढताना की उतरताना? उतरताना सगळ्यांचीच गाते. डायनोचा (पॉवर मोजायच्या मशीनचा) कागद असेल तर टाका.

रेडलाईन_नाशिक
कागद नाही. माझा डायनो माझ्या बुडाखाली आहे.

थाऊ_मास्तर
दोघंही ड्युरेशन ड्युरेशन करताय, पण मोजली कुठून ते कोणीच बोलत नाही. व्हॉल्व सीटवरून जरा उचलला तिथून मोजली की २८० अंश दिसते, तोच कॅम पन्नास थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लिफ्टपासून, म्हणजे तेवढा उचलल्यावर, मोजला की २३०-२४० वर येतो, आणि कोणी १ मिमीपासून मोजतो. विकणारा अर्थातच मोठा आकडा छापतो. दोन कॅटलॉगमधले आकडे शेजारी ठेवून भांडणाऱ्यांचा मला मनापासून वैताग आहे.

आणि डीकॉम्प्रेसरचं (स्टार्ट करताना व्हॉल्व जरा उघडून दाब कमी करणाऱ्या भागाचं) काय? या इंजिनात इनटेक-एक्झॉस्ट कॅम वेगळे, आणि ऑटो डीकॉम्प्रेसर एक्झॉस्टच्या कॅमवर. माझ्या मावसभावाने कुठूनतरी बिनडीकॉम्प्रेसरचा एक्झॉस्ट कॅम आणून बसवून घेतला. मेकॅनिक म्हणाला काही होत नाही. बटण स्टार्टला असा झटका मागे आला की काही महिन्यांत स्प्रॅग क्लच (स्टार्टरला इंजिनाशी जोडणारा एकतर्फी क्लच) बाद, कॅमपेक्षा ते बिल मोठं. मेकॅनिक तेव्हाही म्हणाला, काही होत नाही.

आरेक्स_भक्त
आमच्या टू-स्ट्रोक आरएक्समध्ये कॅमच नाही, व्हॉल्व नाही, टेन्शन नाही 😎

थाऊ_मास्तर
तुमच्यात ऑईल जळतं, धूर येतो आणि मालक प्रत्येक धाग्यावर येतो.

चिंचोळी_एमआयडीसी
अरे पण बाहेरून कॅम मागवताच कशाला बे? कस्टम भरा, महिनाभर वाट बघा. आमच्या सोलापुरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून कॅम बनवते, जगभरातल्या कारमध्ये इथला माल फिरतो. चादरीच्या पलीकडे सोलापूर माहितीच नाही कोणाला. पुण्यातले लोक इंग्लंडचा बॉक्स उघडताना व्हिडिओ काढतात, हेच दुखतं.

उद्यमनगर_कोल्हापूर
भावा, अभिमान बरोबर आहे, पण ते कारचं काम, चिल्ड कास्ट आयर्न, पॅटर्न करायचा, लाखांत नग काढायचे. तुझ्या एका बुलेटसाठी कोण साचा करणार? एकेक नग काढायचा तर कोल्हापूरला ये. शिवाजी उद्यमनगरात जुना कॅम दिला की रीग्राइंड (घासून नवा आकार) करून मिळतोय.

चिंचोळी_एमआयडीसी
रीग्राइंड म्हणजे जुगाड. बेस सर्कल (कॅमचा गोल भाग) घासून लिफ्ट वाढल्याचा आव आणायचा.

उद्यमनगर_कोल्हापूर
आव? लिफ्ट म्हणजे लोबचं (कॅमच्या उंचवट्याचं) टोक वजा बेस सर्कल, बेस लहान केला की लिफ्ट खरोखरच वाढते, यात आव कसला. फौंड्रीच्या गावाला शिकवायला निघालाय!

थाऊ_मास्तर
लिफ्ट वाढते, पण लिफ्टर तेवढा खाली बसतो, पुशरॉड तेवढीच राहिली तर टकटक सुरू. आणि हार्डनिंगचा थर किती उरला ते कोण बघतं? तो खरवडला गेला की लोब गोल व्हायला वेळ लागत नाही. रीग्राइंड चालतो, पण परत हार्डन करून आणि लांब पुशरॉड घालून. हे दोन्ही करणारा मला अजून भेटला नाही.

उद्यमनगर_कोल्हापूर
तुला भेटला नाही म्हणजे नाहीच का? सांगलीतून बाहेर पड जरा.

चिंचोळी_एमआयडीसी
बघा, शेवटी सोलापूरच बरोबर निघालं.

पुशरॉड_पुणे
कोणीच बरोबर निघालं नाही, धागा कॅम निवडण्याबद्दल होता.

कलम_५२
आणि इंजिनात असले बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकू शकतं हे कोणी सांगणार आहे का? १८२ए प्रमाणे मालकाला एकेका बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर ते फ्री-फ्लो, रात्री दोनला आमच्या गल्लीतून एक जण जातो, आई दचकून उठते. पोलीस रोलरखाली सायलेन्सर चिरडतात ना, मला बघायला फार आवडतं.

रेडलाईन_नाशिक
घ्या, आता काकांच्या झोपेचा विषय. कॅम बाहेरून दिसत नाही हो.

कलम_५२
दिसत नाही म्हणून गुन्हा होत नाही? वा.

पुशरॉड_पुणे
रेडलाईन, भांडण बाजूला ठेवा आणि सरळ सांगा, ईसीयूचं (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणाऱ्या कॉम्प्युटरचं) काय केलंत? ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व एकदम उघडे असण्याचा वेळ) वाढला की आयडलला व्हॅक्यूम हलतो, तो मोजणारा मॅप सेन्सर गोंधळतो.

रेडलाईन_नाशिक
पॉवरट्रॉनिक (ईसीयूला जोडायचा ट्यूनिंगचा डबा) लावलाय. आणि पिस्टन पण बदललाय, हाय कॉम्प्रेशनचा.

पुशरॉड_पुणे
म्हणजे पिस्टन, एक्झॉस्ट, ट्यूनिंग सगळं करून वर लिहिलंत “बाकी कशाला हात लावू नको”?!

रेडलाईन_नाशिक
बरं बाबा, बाकीचंही लागतं. झालं समाधान? पण ते सगळं होतं आणि कॅम स्टॉक होता तेव्हा गाडी ४५०० च्या वर मेलेलीच होती, कॅमनंतर जीव आला. हे तुमचं गणित मान्य करणार का?

पुशरॉड_पुणे
करणार. मी तेच लिहिलं होतं, फक्त तुम्ही वाचलं नाही.

नवा_थंपर
मला पण करायचंय, गाडी पूर्ण स्टॉक, हायवे कमी, महाबळेश्वर-कोयना जास्त. कुठला घेऊ?

थाऊ_मास्तर
कुठलाच नको. पुढचं स्प्रॉकेट एक दात लहान कर, कमी खर्चात घाटात फरक कळेल. तरी खाज असेलच तर कमी ड्युरेशनचा, जरा जास्त लिफ्टचा, डीकॉम्प्रेसरवाला बघ. बसवताना पिस्टनवर प्लॅस्टिसिन लावून इंजिन हाताने फिरव, लिफ्टर तेवढ्यापुरते सॉलिड करून, नाहीतर माप खोटं येतं. व्हॉल्व आणि पिस्टनमध्ये इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला अडीचच्या खाली जागा दिसली तर बंद करू नको, परत उघड.

उद्यमनगर_कोल्हापूर
आणि स्टॉक कॅम टाकून देऊ नको, इकडे पाठव.

चिंचोळी_एमआयडीसी
पाठव, घासून परत देतील.