सिनेमात दिसलं आणि आम्ही बॅगा भरल्या

आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या मागे एक कागद टोचलेला आहे. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सुरू केलेला, आता हळदीच्या बोटांनी पिवळा पडलेला. सिनेमा बघताना 'इथे जायचंच' असं वाटलं की त्या जागेचं नाव कागदावर चढवायचं, असा नियम. पहिलं नाव स्वित्झर्लंड. कारण सांगायला नको. १९९५ साली मी बारावीत होते आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' तीनदा पाहिला होता. त्यातला एकदा क्लास बुडवून.

स्वित्झर्लंड कागदावरच राहिलं. कधी फ्लॅटचे हप्ते, कधी सासूबाईंचे गुडघे. मग एका वाढदिवसाला नवऱ्याने पहाटे उठवलं, "चल, तुला सिमरनच्या स्टेशनवर नेतो." मी झोपेत पासपोर्ट कुठे ठेवलाय ते आठवत बसले. नेलं कुठे, तर आपट्याला! पनवेलच्या पुढे, रोह्याच्या वाटेवर. गाडीमागे धावण्याचा तो शेवटचा प्रसंग तिथे चित्रित झालाय. सिनेमात पंजाब, प्रत्यक्षात रायगड जिल्हा. दिवा-रोहा गाडीतून आमच्याबरोबर चार-पाच जण उतरले आणि दोन मिनिटांत पांगले. मागे डोंगर, फलाटावर झाडांची सावली आणि एक झोपलेलं कुत्रं. मी ओढणी सांभाळत थोडं धावून पाहिलं. तेवढ्यात कोकणात जाणारी एक एक्स्प्रेस न थांबता धडधडत गेली आणि हातातल्या वडापावावर धुळीची चटणी पडली.

त्या दिवसापासून कागदावरच्या बाकीच्या नावांकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. तुमचं सांगा. कोणत्या सिनेमाने तुम्हाला घराबाहेर काढलं? नुसती यादी नको. गेला असाल तर तिथे काय मिळालं ते लिहा, आणि अजून गेला नसाल तर घोडं कुठे अडलंय तेही लिहा.

*

मी निवृत्त बँकवाला, वय ७१. 'आराधना' १९६९ चा. सांगलीच्या टॉकीजमध्ये पाहिला तेव्हा मिसरूड फुटत होतं. त्यातली दार्जिलिंगची ती छोटी गाडी, खिडकीत पुस्तक वाचणारी शर्मिला आणि शेजारच्या रस्त्यावर जीपमध्ये राजेश खन्ना. तेव्हा दार्जिलिंग म्हणजे चंद्र. निवृत्तीनंतर गेलो.

दार्जिलिंगहून घूमपर्यंत जाऊन परत येणारी फेरी असते, जॉयराइड म्हणतात. वाफेचं इंजिन हवं असेल तर तिकीट काढतानाच बघून घ्या, डिझेलचीही फेरी असते. १८८१ ची रेल्वे. रुळांमधलं अंतर दोन फूट, म्हणजे आमच्या देवघराच्या चौरंगाएवढं. गाडी बाजारातून जाते ती अक्षरशः दुकानांना खेटून. एका दुकानदाराने टांगलेले स्वेटर गाडी येताना एका हाताने आत ओढून धरले आणि गाडी गेल्यावर परत सोडले, गिऱ्हाइकाशी बोलणं न थांबवता. इंजिनाच्या पुढ्यात दोन माणसं बसतात. चढावर चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर मुठीमुठीने वाळू टाकणं हे त्यांचं काम. सिनेमात ती माणसं मला कधी दिसलीच नव्हती. प्रत्यक्षात मी सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होतो.

मी हट्टाने रस्त्याकडची खिडकी धरली होती. सौ. म्हणाली, "राजेश खन्ना व्हायचं तर खाली जीपमध्ये हवं. आत बसून काय करताय?" बरोबरच होतं. त्यात आणखी एक गंमत परत आल्यावर कळली. शर्मिलाबाई तेव्हा सत्यजित राय यांच्या सिनेमात गुंतल्या होत्या, म्हणून त्यांचे गाडीतले शॉट मुंबईत स्टुडिओत घेतले. म्हणजे राजेश खन्ना दार्जिलिंगमध्ये ज्या खिडकीकडे बघून गात होता, तिथे ती नव्हतीच! हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं, पण उलट हसू आलं. घूमला उतरलो तेव्हा पाटीवर ७,४०७ फूट वाचलं आणि मगच थंडी वाजायला लागली.

*

काका, खिडकी वाचून मजा आली. आमचं प्रकरण मात्र डोकेदुखीचं.

नागपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या खाली उतरायला तयार नसतो. अशा वेळी घरात 'थ्री इडियट्स' लावला की शेवटच्या निळ्या पाण्यावर सगळ्यांचा जीव जातो. पोरगा म्हणे, "बाबा, तिथेच जाऊ." जूनमध्ये लेहला विमानाने उतरलो. आणि मी शहाणपणा केला, सुट्टी कमी म्हणून दुसऱ्याच दिवशी पँगाँगची गाडी ठरवली. वाटेत चांग ला खिंड, साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. तिथे आर्मीचा गरम चहा मिळाला तो हातात धरवेना, इतका मी थरथरत होतो. तलावाशी पोहोचलो तर किनाऱ्यावर सिनेमातल्या करीनासारख्या पिवळ्या स्कूटर ओळीने उभ्या! पैसे द्या, बसा, फोटो काढा. बायकोने काढला, पोराने काढला. मी गाडीत कपाळाला बाम चोळून डोळे मिटून पडलो होतो.

संध्याकाळी डोकं जरा उतरल्यावर एकटा पाण्याशी गेलो. रंग निळ्याचा हिरवा, हिरव्याचा राखाडी होत होता. बोट बुडवून चाखलं, पाणी खारट! चौदा हजार फुटांवर खारं पाणी. हे सिनेमात कुणी सांगितलं नव्हतं ना.

लेहला किमान दोन दिवस नुसतं पडून राहा, मगच वर जा. आणि लेहजवळच्या शे गावातल्या 'रँचोच्या शाळे'च्या, सिनेमात दिसलेल्या भिंतीपुढे फोटोचा हट्ट नको. ती खरीखुरी शाळा आहे. पर्यटकांच्या गर्दीने पोरांच्या अभ्यासाचं वाटोळं व्हायला लागलं, तेव्हा २०१८ मध्ये शाळेने ती भिंत लोकांना बंद करायचं ठरवलं. योग्यच केलं.

*

वाईकर म्हणून दोन शब्द, जरा तिरकस.

'स्वदेस'मधलं चरणपूर म्हणजे आमची मेणवली. सिनेमात ते गाव उत्तर प्रदेशात आहे, त्यामुळे नदीही परकीच वाटते. नदी कृष्णा आहे हो! घाट चंद्रकोरीच्या आकाराचा, वर नाना फडणविसांचा वाडा. शूटिंगच्या वेळी मी शाळेत होतो. गर्दीत दिसू म्हणून दोन दिवस उन्हात बसलो, घरी मार खाल्ला आणि सिनेमात कुठेच दिसत नाही. वीस वर्षं थांबवून थांबवून शोधतोय.

आता शनिवार-रविवारी गाड्या येतात. लोक घाटाच्या पायरीवर हात पसरून उभे राहतात, फोटो काढतात आणि मॅप्रोला पळतात. घाटावर एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणजे पोर्तुगीजांच्या चर्चची घंटा कृष्णाकाठी! तिच्याखाली उभं राहून सेल्फी घेणारे शेकडो पाहिले, मान वर करून बघणारे फार थोडे. आणि कृपा करून सकाळी या. दुपारी पायऱ्या तव्यासारख्या तापतात.

*

'रोमन हॉलिडे', १९५३. बाबांनी तो कॉलेजात असताना पुण्यात पाहिला होता. कृष्णधवल आहे, हे माझ्या मुलीला अजून पटत नाही.

मी जर्मनीत राहते. आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बाबांना विचारलं, पॅरिस? ते म्हणाले, "मला फक्त ते दगडी तोंड बघायचंय." बोका देल्ला व्हेरिता. रोममध्ये सांता मारिया इन कॉस्मेदिन नावाचं चर्च आहे, त्याच्या ओसरीत ती संगमरवरी चकती उभी केलेली आहे. तोंडात हात घालून खोटं बोललं तर हात तुटतो म्हणतात. सिनेमात ग्रेगरी पेक हात बाहीत लपवून तुटल्याचं नाटक करतो आणि ऑड्री हेपबर्न किंचाळते. ती किंचाळी खरी होती, कारण त्याने तिला आधी सांगितलंच नव्हतं. हे सगळं बाबांनी मला रांगेत उभं असताना सांगितलं, बहुधा विसाव्यांदा.

नंबर आला. बाबांनी शर्टाची बाही नीट वर केली, घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि हात आत घातला. आई शेजारी कंबरेवर हात ठेवून. "आता खरं सांगा, ८६ सालच्या दिवाळीत माझ्या माहेरून आलेला चिरोट्यांचा डबा कुणी संपवला?" बाबांनी हात झटकन बाहेर काढला. मागच्या रांगेतल्या जपानी बायका कशाला हसल्या, देव जाणे. मराठी तर त्यांना येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्पॅनिश पायऱ्या. तिथे बसून आइस्क्रीम खायचं हे आईचं स्वप्न. टेकते न टेकते तोच शिट्टी वाजली. २०१९ पासून त्या पायऱ्यांवर बसायला बंदी आहे, दंड होतो. आईने मग सगळं जिलातो उभ्याने संपवलं, पोलिसाच्या डोळ्यांत डोळे घालून.

*

गोव्यातून लिहितोय, थोडक्यात. 'चेन्नई एक्स्प्रेस'मध्ये गाडी धबधब्यासमोर थांबते ना, तो दूधसागर. प्रत्यक्षात तिथे उतरून रुळांवरून चालायला बंदी आहे. जुलै २०२३ मध्ये असे उतरलेले शेकडो पर्यटक पकडले आणि पोलिसांनी त्यांना उठाबशा काढायला लावल्या, व्हिडिओ पाहिला असेल. कुळेहून जीप जाते, पावसाळ्यात ती बंद. म्हणजे पाणी सर्वांत जास्त असतं तेव्हा जीप नाही आणि जीप असते तेव्हा सिनेमाएवढं पाणी नाही. पावसाळ्यात बघायचाच असेल तर मडगावकडच्या गाडीची खिडकी पकडा आणि आत बसूनच बघा. आम्ही तेच करतो.

*

यादीत आहे, गेलो नाही: स्पेनची टोमॅटिना, 'जिंदगी ना मिलेगी दोबारा'मुळे. ब्युन्योल गाव, ऑगस्टचा शेवटचा बुधवार. तिकिटं, व्हिसा, सगळी चौकशी केली होती. बायको नाशिकची, माहेरी टोमॅटोची शेती. तिला सिनेमातलं ते गाणं दाखवलं. ती म्हणाली, "भाव पडतो तेव्हा आमच्या पिंपळगावच्या रस्त्यावर चल, फुकटात दाखवते." विषय संपला.

*

सिनेमा नाही, मालिका चालेल का? 'मालगुडी डेज'. शंकर नाग यांनी ती कर्नाटकात आगुंब्याला केली. तिथलं दोड्डमने नावाचं जुनं घर मालिकेत दिसतं. भर पावसात गेलो, आगुंब्यात पाऊस किती पडतो हे आधी वाचून जायला हवं होतं. तीन दिवस मोजे वाळले नाहीत. पण लाकडी खांबांच्या त्या चौकात पाणी पडताना बघत कषाय, म्हणजे तिथला गरम काढा, पीत बसलो. मालिकेतला छोटा स्वामी आत्ता शाळा बुडवून आतून येईल असं वाटत राहिलं.

*

न्यूझीलंड, हॉबिटन. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या बुटक्या हॉबिटांचं गाव. मटामाटाजवळ मेंढ्यांचं कुरण, त्यात ४४ बिळांची घरं. पूर्वी तर बहुतेक दारं उघडली की मागे माती, इतकंच. सगळ्यात वरच्या घरामागचा ओक खोटा आहे, पानंसुद्धा खोटी. गाइडने हे सांगितल्यावर मित्राचा चेहरा पडला. मला मात्र दोरीवर वाळत घातलेले ते छोटे छोटे कपडे बघून आजोळची चाळ आठवली. कपड्यांना चिमटेही लावलेले होते.

*

पहिलं वाचून राहवलं नाही. मी आपट्याचीच. रोज सकाळी त्याच फलाटावरून पनवेलला कामाला जाते. ताई, तुम्ही थोडंच धावलात. आम्ही डबा, छत्री आणि पर्स घेऊन रोजच धावतो, आणि दारात उभा असलेला माणूस हात देत नाही, "पुढच्या डब्यात जा" म्हणतो.