हायकोर्ट कोल्हापुरात आलं, पण नक्की कुणासाठी?

गडहिंग्लजची लेक

माझे वडील शेतकरी. बांधावरून भावकीत दावा लागला. खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो, जिल्हा न्यायालयात निकाल उलटला आणि दुसरं अपील मुंबईला गेलं. तेव्हापासून अपील बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, लागलं की वडील स्वतः जायचे. गडहिंग्लजहून दुपारची एसटी, कोल्हापुरातून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटी आणि तिथून हुतात्मा चौकावरून चालत हायकोर्ट. काम झालं की त्याच रात्री परत. वकील दर वेळी सांगायचे, "दादा, अपिलात तुमचं काही काम नसतं, काय झालं ते मी फोनवर कळवतो." तरी जायचे. म्हणायचे, माझी जमीन आहे, तिच्याबद्दल बोलताना मी तिथं असायला पाहिजे.

वडील गेले. अपिलात आईचं आणि आम्हा बहिणींचं नाव वारस म्हणून लागलं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश इथे बसून कामकाज चालवतात ती व्यवस्था, सुरू झालं आणि आमचं अपील तिकडे आलं. परवा मी आईला घेऊन गेले. सीपीआर रुग्णालयासमोरची जुन्या कोर्टाची इमारत. आईने आयुष्यात पहिल्यांदा कोर्ट पाहिलं. इतकी वर्षं घरात ज्या जागेच्या नावाने डबे भरले, उसाच्या बिलातून पैसे बाजूला काढले, ती जागा तिला तोवर ठाऊक नव्हती. मुंबईला दोघांचा खर्च परवडत नव्हता, गुरांचं कुणी बघायचं हाही प्रश्न, म्हणून ती कधी गेलीच नाही. त्या दिवशी पुकारा झाला, आमचे वकील उभे राहिले, आई ताठ बसून शेवटपर्यंत बघत होती.

आता निकाल लवकर लागेल, असा दावा मी करत नाही. माझं म्हणणं एवढंच की ज्याचा दावा आहे त्याला आपलं कोर्ट डोळ्यांनी बघता आलं पाहिजे, आणि कोल्हापूरच्या बेंचचं खरं मोल तेच आहे. तुम्हाला काय वाटतं?

निवृत्त शिरस्तेदार

ताई, तुमच्या आईंबद्दल पूर्ण आदर ठेवून असहमती नोंदवतो. माझी सगळी नोकरी तालुक्याच्या कोर्टांत गेली. सामान्य माणसाचं कोर्ट म्हणजे तालुक्याचं कोर्ट. वाटणी, पोटगी, चेक न वटणं, मारामारी, ताबा हे सगळं तिथे सुरू होतं आणि बहुतेकांचं तिथेच संपतं. हायकोर्टात दुसरं अपील टिकायला कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो. साक्षी-पुरावे तिथे पुन्हा होत नाहीत.

आता ज्या कोर्टात साक्षीदाराला खरोखर हजर राहावं लागतं, तिथली अवस्था पाहा. मी काम केलं त्या एका ठिकाणी पक्षकारांना बसायला व्हरांड्यात दोनच बाकं होती. बाया लेकरं घेऊन पिंपळाच्या पारावर बसायच्या, पुकारा ऐकू आला नाही की गैरहजेरी लागायची. बायकांसाठी स्वच्छतागृह होतं, त्याला कुलूप असायचं. स्टेनोची जागा रिकामी, म्हणून न्यायाधीश स्वतः टाइप करत बसायचे. नकलेचा अर्ज दिला की माणूस चार चकरा मारायचा. पैसा आणि माणसं आधी इथे द्यायला हवी होती. तुमच्या आईंना कोर्ट पहिल्यांदा दिसायला हवं होतं ते गडहिंग्लजला.

गडहिंग्लजची लेक

काका, कुलपाचं वाचून वाईट वाटलं. पण तालुक्याला सोयी नाहीत म्हणून वरचं कोर्ट लांब ठेवायचं, हे पटत नाही. आई खालच्या कोर्टात गेली नाही याचं कारण वेगळं होतं. तिथे वडील होते आणि आमच्या घरात कोर्टाची पायरी बायकांनी चढायची नाही असं धरलेलं होतं. मुंबईच्या अंतराने त्या समजुतीला आणखी एक सबब दिली. आता ती सबब उरली नाही.

दापोलीकर

सहा जिल्ह्यांचं बेंच म्हणतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. आमच्या दापोली-मंडणगडच्या माणसाला कुणी विचारलं होतं का? आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईत. रात्री गाडीत बसलं की सकाळी मुंबई, भावाकडे आंघोळ, वहिनीच्या हातचा चहा आणि मग कोर्ट. राहायचा खर्च नाही. कोल्हापूरला जायचं तर खेड, चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड. पावसाळ्यात घाट कधी बंद होईल सांगता येत नाही. कोल्हापुरात ओळखीचं कुणी नाही, म्हणजे लॉज आला. नकाशावर जवळ असणं आणि माणसाला जवळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जिल्ह्याच्या रेषेवर कोर्ट वाटून दिलं की आमच्यासारखे मधल्या मधे भरडले जातात.

सावंतवाडीकर

दापोलीचं दुखणं खरं असेल, पण कोकण म्हणजे फक्त उत्तर रत्नागिरी नव्हे. आम्हाला मुंबई म्हणजे तुतारीने रात्रभर बसून दादर, आणि गणपती-शिमग्याच्या दिवसांत तिकीट मिळालं तर. पणजी आम्हाला सगळ्यात जवळ, पण तिथलं खंडपीठ गोव्यापुरतं. कोल्हापूरला आंबोली चढून आजऱ्यावरून सकाळी निघालो की दुपारच्या सत्रात हजर, रात्री घरी. माझ्या मामीची नोकरीतल्या पेन्शनची याचिका आहे. तिला मुंबईत ना भाऊ ना दीर. दापोलीकरांनी आपल्या तालुक्यांना मुंबईला जोडून ठेवा अशी मागणी करावी, मी सही करेन. पण बेंचच नको असं म्हणू नये.

सोलापूरहून

सिद्धेश्वर एक्सप्रेसने आम्ही रात्री झोपून सकाळी मुंबईला उतरतो. कोल्हापूरला जाताना पंढरपूर, मिरज करत दिवस मोडतो. सोलापूरकर म्हणून मला फारसा फरक पडलेला नाही. वकिलाची फी मात्र थोडी उतरली, हे मान्य करतो.

साताऱ्याची वकील

कायद्याची बाजू मांडते, कारण इथे "बेंच" आणि "खंडपीठ" एकाच अर्थाने वापरले जात आहेत. कोल्हापूरला जे आलंय ते कायम खंडपीठ नव्हे, सर्किट बेंच आहे, 1956 च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम 51 च्या तिसऱ्या पोटकलमाखाली. मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने मुख्यालयाबाहेर न्यायाधीशांना बसवू शकतात, ती ही तरतूद. औरंगाबादला 1981 मध्ये याच रस्त्याने कामकाज सुरू झालं. त्याला आव्हान दिलं गेलं, सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये ते वैध ठरवलं आणि 1984 मध्ये कायम खंडपीठ झालं. नागपूरची गोष्ट वेगळी. तिथे 1936 पासून स्वतःचं हायकोर्ट होतं, 1956 च्या पुनर्रचनेनंतर ते मुंबईचं खंडपीठ झालं. म्हणजे विदर्भाला, मराठवाड्याला आणि गोव्याला जे मिळालं ते दक्षिण महाराष्ट्राला मिळायला 2025 उजाडलं. शेजारच्या धारवाडला 2008 मध्ये सर्किट बेंच आलं आणि 2013 मध्ये ते कायम झालं. कोल्हापूरचे वकील ते निपाणीच्या पलीकडून बघत होते.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. कर्नाटकातल्या मागणीवर सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली स्पष्ट केलं होतं की बेंच कुठे असावं हे प्रादेशिक भावनेवर ठरवायचं नसतं. म्हणून आपण "आमचा भाग, आमची अस्मिता" या भाषेत बोलू नये. ताईंनी पक्षकाराच्या बाजूने मांडलं, मला तीच बाजू टिकाऊ वाटते.

सांगलीचा पक्षकार

पक्षकाराची बाजू? मग 2013 चं बोला. बेंचसाठी सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी दीड महिन्याहून जास्त काळ कामावर बहिष्कार टाकला. त्या दिवसांत तारखा कुणाच्या गेल्या? जामिनासाठी आत बसलेल्यांचं काय झालं? माझ्या बहिणीच्या पोटगीची तारीख त्या काळात पुढे गेली आणि आम्ही तिला घरखर्चाला उसने पैसे दिले. कोर्ट सार्वजनिक जागा आहे, ती बंद ठेवायचा अधिकार कुणालाही नसला पाहिजे, मागणी कितीही रास्त असो. बेंच झालं याचा मला राग नाही. "लोकांसाठी लढा" असं म्हणताना लोकांना विचारलं नव्हतं, एवढंच सांगायचंय.

साताऱ्याची वकील

दादा, त्या बहिष्कारात मीही होते. तेव्हा ज्युनियर होते, वरिष्ठांनी सांगितलं ते केलं. तुमच्या बहिणीला जे भोगावं लागलं त्याचं समर्थन माझ्याकडे नाही. आज पुन्हा तशी हाक आली तर मी कोर्टात उभी राहीन.

मराठी शाळा मास्तर

मला मूळ धाग्यातलं एक वाक्य टोचतंय. आई "शेवटपर्यंत बघत होती". ऐकत होती असं लिहिलं नाही, कारण कामकाज इंग्रजीत होतं. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा 1998 पासून मराठी आहे, पण घटनेच्या कलम 348 मुळे हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल दुसऱ्या भाषेला परवानगी देऊ शकतात, राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये हिंदीला ती मिळालेली आहे. मराठीला नाही. अंतर चारशे किलोमीटरांवरून सत्तरवर आणलं, पण भाषेचं अंतर होतं तिथेच आहे. ज्या बाईला आपल्या जमिनीबद्दल काय बोललं गेलं ते कळलं नाही, तिच्यापर्यंत कोर्ट पोहोचलं असं मी मानणार नाही.

निवृत्त शिरस्तेदार

मास्तर, याला दुसरी बाजू आहे. हायकोर्टाचे काही न्यायाधीश परराज्यांतून बदलून येतात, ते मुद्दाम, स्थानिक लागेबांधे नसावेत म्हणून. त्यांना मराठी येईलच असं नाही. शिवाय खाली मराठी करून काय झालं ते मी पाहिलंय. साक्ष मराठीत, निकाल पुष्कळदा इंग्रजीत, आणि पक्षकार निकालाची नक्कल घेऊन "साहेब, शेवटची ओळ तेवढी सांगा" म्हणत आमच्या टेबलाशी उभा. भाषा बदलल्याचा आदेश कागदावर राहतो, कारण मराठी टंकलेखक आणि भाषांतरकार भरले जात नाहीत.

पुणेकर अभियंता

एवढ्या वादाची गरज आहे का? याचिका ऑनलाइन दाखल होतात, वकील दूरदृश्य प्रणालीने युक्तिवाद करतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये थेट प्रक्षेपणाचं तत्त्व मान्य केलं, गुजरात हायकोर्टाचं कामकाज यूट्यूबवर दिसतं. आईंना गडहिंग्लजच्या घरात बसून सगळं दिसलं असतं. इमारतींवर खर्च करण्यापेक्षा प्रत्येक दालनात कॅमेरा लावा.

साताऱ्याची वकील

कॅमेरा हवाच. पण उघडं न्यायालय हे तत्त्व आहे, नुसती सोय नव्हे. 1966 च्या मिरजकर खटल्यात नऊ न्यायाधीशांनी सुनावणी सर्वसाधारणपणे लोकांसमोर व्हावी असंच मानलं. 1908 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या ज्या दालनात लोकमान्यांना शिक्षा झाली, त्याच दालनाबाहेर 1956 मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी लोकमान्यांच्या उद्गारांची पाटी बसवली. निकाल कोर्टाने दिला, पण 1908 ला गिरणी कामगार संपावर गेले ते तिथे काय बोललं गेलं हे बाहेर पोहोचलं म्हणून. दार उघडं असलं की कोर्टावरही लोकांचं लक्ष राहतं.

गडहिंग्लजची लेक

मास्तर, तुमचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. मी आईला विचारलं, काय कळलं? म्हणाली, "आपला गट नंबर दोनदा घेतला, तो कळला. जजसाहेबांनी नकाशा मागितला, तेही कळलं. आपला वकील गप्प झाला तेव्हा मला भीती वाटली." बाकीचं मी तिला बाहेर वडाखाली बसून सांगितलं. म्हणजे तुमचं खरं आहे, तिला बघता आलं, ऐकता आलं नाही. मराठीची मागणी मी आता या धाग्याच्या मागणीत धरते. दापोलीकरांचीही.

अभियंता दादा, आमच्या घरात नेट आहे, पण आई फोनवर बघत बसली असती आणि कुणीतरी दुधासाठी हाक मारली असती. त्या दिवशी तिला कुणी हाक मारली नाही.

काका, एक विचारते. बेंचच्या कायमच्या इमारतीसाठी कोल्हापुरातल्या शेंडा पार्कात जागा दिली आहे. आराखड्यात दालनाच्या मागच्या बाजूला पक्षकारांना बसायला किती जागा धरली आहे आणि बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असणार, हे विचारणारं एक निवेदन मला लिहायचं आहे. असे कागद तुम्ही आयुष्यभर हाताळलेत. मसुदा बघून द्याल का?

निवृत्त शिरस्तेदार

पाठवा. त्यात गडहिंग्लजच्या कोर्टाचाही परिच्छेद घालू.