मदत हवी आहे: स्क्रीनवर हिरव्या रेघा आणि सारखा तोच एरर (घाई आहे!)

आंबटचुका: घरच्या पीसीवर स्क्रीनभर हिरव्या-गुलाबी रेघा येतात, मग स्क्रीन काळी होते आणि परत येते. डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं, असा मेसेज दिसतो. रीस्टार्ट करून झालं. उद्या २० तारीख, पार्ट्यांचे जीएसटीचे थ्रीबी रिटर्न भरायचेत. "दुकानात न्या" सोडून काहीही सांगा.

फुकटचा_सल्ला: एचडीएमआय केबल बदला. दहातले नऊ वेळा केबलच असते.

खटपट्या: ग्राफिक्स कार्ड कुठलं, विंडोज कुठलं, किती जुना पीसी? इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची एररची नोंदवही) एरर नंबर काय दिसतो? हे न सांगता काय कपाळ उपाय सांगणार?

आंबटचुका: विंडोज १०. एरर ४१०१. कार्ड एनव्हिडिया.

निवृत्त_बाबू: विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आधी ११ वर जा. मी गेलो, स्टार्ट मेनू मधोमध आला, पण होते सवय.

खटपट्या: बाबूकाका, रेघांचा आणि सपोर्टचा काय संबंध? ४१०१ म्हणजे ग्राफिक्स कार्ड ठरल्या वेळेत उत्तर देत नाहीये. विंडोज साधारण २ सेकंद वाट बघतं आणि ड्रायव्हर पुन्हा उठवतं. स्क्रीन काळी होऊन परत येते ती त्यामुळे. केबल खराब असेल तर रेघा येतील, पण ४१०१ येणार नाही.

फुकटचा_सल्ला: माझ्याकडे केबल बदलूनच गेलं होतं.

खटपट्या: तुमच्याकडे ४१०१ होता का?

फुकटचा_सल्ला: बघितलं नव्हतं.

रात्रपाळी: रजिस्ट्रीत (विंडोजची आतली सेटिंग्ज) टीडीआर डिले, म्हणजे ती वाट बघायची वेळ, ८ सेकंद करून टाक, मेसेज येणार नाही.

खटपट्या: धूर येतोय म्हणून अलार्मच काढून ठेवायचा! नका करू ताई. सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरत्या ड्रायव्हरवर चालतं तो) जाऊन डीडीयू या ड्रायव्हर पुसायच्या प्रोग्रामने जुना ड्रायव्हर पूर्ण उडवा, मग नवीन टाका. तेवढा वेळ नेट काढून ठेवा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.

चिकटपट्टी: ड्रायव्हरची मेहनत घ्यायच्या आधी एक बघा. पीसी चालू करताच बायोसमध्ये (विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन) जा. तिथेही रेघा आहेत का? तिथे विंडोजही नसतं आणि त्याचा ड्रायव्हरही. आणि मॉनिटरच्या बटणांनी ब्राइटनेसचा मेनू उघडा. तो मेनू मॉनिटर स्वतः काढतो. त्याच्यावरूनही रेघा जात असतील तर मॉनिटर गेला.

आंबटचुका: बायोसमध्येही आहेत!! मॉनिटरचा मेनू स्वच्छ. मधल्या वेळात भावाने सांगितलं म्हणून एचडीएमआय मागे वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघितली, तर काहीच दिसेना. आता मदरबोर्ड पण गेला का??

चिकटपट्टी: प्रोसेसर कुठला?

आंबटचुका: आय ५, १०४०० एफ.

चिकटपट्टी: मग मदरबोर्डला काही झालेलं नाही. "एफ"वाल्या इंटेलमध्ये ग्राफिक्सच नसतं, वरचं पोर्ट बंदच राहणार. केबल परत कार्डाला लावा. बायोसमध्ये रेघा म्हणजे डीडीयू वगैरे विसरा. घर समुद्राजवळ आहे का?

आंबटचुका: वर्सोवा. खिडकीच्या ग्रिलला दरवर्षी गंज. पण त्याचा इथे काय संबंध?

चिकटपट्टी: खाऱ्या हवेने कार्डाच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात. मेन स्विच बंद, वायर काढून पॉवर बटण थोडा वेळ दाबून ठेवा. कार्ड उपसा, पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, घट्ट बसवा.

खटपट्या: खोडरबर नको हो, मुलामा खरवडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, केमिस्टकडेही मिळतं.

चिकटपट्टी: लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात मी खोडरबरच बघत आलोय.

रात्रपाळी: लॅमिंग्टन रोडला आता भाव ऑनलाइनइतकेच झालेत. शिवाय ग्रँट रोडला पूर्वेला उतरून ती गर्दी.

निवृत्त_बाबू: त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे. योग्य नाव वापरा.

आंबटचुका: रस्त्याच्या नावाने माझे रिटर्न भरले जाणार नाहीत. पुसलं, बसवलं, रेघा तशाच.

चिकटपट्टी: मग कार्डाचीच मेमरी किंवा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय). कार्डाला वेगळी पॉवर वायर जाते का?

आंबटचुका: नाही.

चिकटपट्टी: म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॉटवरच चालतंय. कुणाचं तरी कार्ड आणून लावा, लगेच कळेल. आणि आजचं काम असं काढा: सेफ मोड विथ नेटवर्किंग. तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर चालत नाही, म्हणजे मधेच काळं होणार नाही. रेघा दिसतील, पण फॉर्म भरता येईल. वायफाय पकडलं नाही तर राऊटरची वायर थेट लावा. फाईली पेनड्राइव्हवर घ्या.

आंबटचुका: भरले सगळे! रेघांमधून आकडे वाचून डोळे गेले. शेजारच्या मुलाचं जुनं जीटी ७१० कार्ड पण लावलं, स्वच्छ चालतंय.

खटपट्या: म्हणजे एसएमपीएस बहुधा ठीक, कार्डच गेलं. वॉरंटी आहे का?

आंबटचुका: बिल कच्चं आहे, वहीच्या कागदावर.

खटपट्या: कार्डाच्या मागच्या स्टिकरवर सिरीयल नंबर असतो. काही कंपन्या बिल नसलं तरी त्यावरून वॉरंटी धरतात. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साईटवर टाकून बघा, एनव्हिडियाच्या नव्हे. स्टिकर सोलू नका.