विषय: बालकक्षाच्या खाऊतून भडंग काढा, ऑर्डर उद्या जातेय

प्रेषक: बालकक्ष समिती

नमस्कार मंडळी,
खाऊच्या यादीत बालकक्षासाठी ३ किलो भडंग दिसतोय. तो काढा, एवढंच मागणं. नावं आलेल्या २६ मुलांतली ११ पाच वर्षांच्या आतली आहेत, त्यांच्या घशात शेंगदाणा अडकू शकतो. खाली मोठ्यांच्या पंगतीत खुशाल ठेवा, वर मुलांच्या खोलीत नको.

प्रेषक: खाऊ समिती

ताई, यादी जूनच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठरली, तेव्हा कुणी काही बोललं नाही. कोल्हापुरात मेळावा आणि पोरांना भडंग नाही, हे बरं दिसतं का? दाणे निवडून काढतो, मग तर झालं? आणि खाऊचं आमच्याकडेच राहू द्या. मागच्या वेळी दोघांनी ऑर्डर दिली आणि दूध दुप्पट आलं.

प्रेषक: लेस्टर (बालरोग)

निवडून भागत नाही. अख्खा दाणा सापडतो, पण सुटलेल्या पाकळ्या चिरमुऱ्यांखाली तळाला बसतात. शिवाय डाळं, तळलेला लसूण, खोबऱ्याचे काप. या वयात दाढांनी बारीक चावणं नीट जमत नाही. तोंडात घास असताना मूल पळालं, हसलं, की दाणा श्वासाबरोबर आत ओढला जातो. वरच अडकला तर आवाज बंद. त्याहून फसवा प्रकार म्हणजे दाणा खाली, बहुधा उजव्या फुप्फुसाच्या नळीत उतरतो. खोकला थांबतो आणि सगळ्यांना वाटतं, गेला पोटात. तिथे तो ओल धरून फुगतो, तेलानं नळीला सूज येते, मग काही दिवसांनी ताप आणि एकाच बाजूला घरघर. म्हणून खाताना जोराचा ठसका लागून थांबला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

प्रेषक: स्थानिक संपर्क, राजारामपुरी

सीपीआर हॉस्पिटल काही लांब नाही डॉक्टर. लगेच एक्स-रे काढून घेता येईल की.

प्रेषक: लेस्टर (बालरोग)

साध्या एक्स-रेत दाणा दिसत नाही. एक्स-रे चांगला आला म्हणून घरी आणायचं नाही. ठसका कधी, काय खाताना लागला ते सांगायचं. शंका असेल तर भूल देऊन दुर्बिणीनंच बघावं लागतं.

प्रेषक: न्यू जर्सी

पण शेंगदाणा लवकर सुरू केला तर ॲलर्जी कमी होते ना? २०१५ चा लंडनचा अभ्यास आहे.

प्रेषक: लेस्टर (बालरोग)

आहे, तो ४ ते ११ महिन्यांच्या बाळांवरचा. त्यातही अख्खा दाणा कुणी दिला नव्हता. बारीक कूट पेजेत कालवून द्या, पण पहिल्यांदा घरी, मेळाव्यात नको.

बालकक्षात बसणाऱ्यांनी एवढं पाठच करा. मूल खोकतंय, रडतंय तोवर खोकू द्या. आवाज फुटत नसेल तर एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं लगेच सुरू करायचं. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेनं ५ थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेनं ५ दाब. वर्षावरच्याला वाकवून ५ थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर ५ झटके. सुटेपर्यंत आलटून पालटून. शुद्ध हरपली तर सीपीआर द्या, म्हणजे छातीदाब आणि तोंडानं श्वास, हॉस्पिटल नव्हे. घशात अंदाजानं बोट घालू नका, तुकडा आणखी खाली जातो.

प्रेषक: बालकक्ष समिती

सगळे खाऊवर अडकलेत, मोरीकडे कुणाचं लक्ष नाही. वरच्या मजल्यावर पाण्याचं टिपाड आणि दोन बादल्या भरलेल्या असतात. रांगत्या मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड, वाकलं की उलटं आत, आणि हू की चू ऐकू येत नाही. चार बोटं पाणीही पुरतं. बादल्या रिकाम्या करून पालथ्या हव्यात, टिपाडाला झाकण, दाराला बाहेरून वर कडी.

प्रेषक: खाऊ समिती

भडंग खालीच राहील. वर ८० मऊ इडल्या, ३ डझन केळी, शिरा. द्राक्षं आणू का?

प्रेषक: बालकक्ष समिती

आणा, पण प्रत्येक द्राक्ष उभं चिरून चार फोडी, आडव्या चकत्या नकोत. चिरायला खाली दोघं द्या, सुरी वर येऊ नये. कडीचं मंगल कार्यालयवाल्यांशी कोण बोलतंय?