विषय निवडायची मोकळीक: हार्वर्डच्या इलियटनी विद्यार्थ्यांचं भलं केलं की नुकसान?

शेवटचा बाक:
1869 साली चार्ल्स इलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. त्याआधी अमेरिकन कॉलेजातला दिवस कसा जायचा बघा. सकाळी प्रार्थनेला हजेरी, मग लॅटिन, ग्रीक, गणित. शिक्षक नाव पुकारणार, मुलगा उभा राहून रात्री घोकलेल्या ओळी म्हणणार, शिक्षक वहीत गुण मांडणार, की पुढचा उभा. समजावून सांगणं फारसं नव्हतंच.

इलियटनी हे मोडून काढलं आणि विषय निवडायची मोकळीक मुलांना दिली. एकेक सक्ती जात जात 1897 पर्यंत पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन तेवढं बंधनकारक उरलं. प्रार्थनेची सक्ती 1886 मध्येच उठली. येल विद्यापीठात ती 1926 पर्यंत टिकली! माझं मत स्पष्ट आहे: त्या शतकात विद्यार्थ्याला जाणतं माणूस मानणारा याहून मोठा निर्णय अमेरिकेत झाला नाही.

कोरी पाटी:
साफ असहमत. 1885 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये प्रिन्स्टनचे अध्यक्ष मॅकॉश यांनी इलियटना समोरासमोर हेच विचारलं होतं. मुलं सोपे विषय गोळा करून पदवी घेऊन जातील, ही त्यांची भीती होती, आणि झालंही तसंच. मुलं सकाळचे वर्ग नसलेलं आणि परीक्षा हलकी असलेलं वेळापत्रक जुळवू लागली. परीक्षा आली की हार्वर्ड स्क्वेअरमधल्या खासगी शिकवणीवाल्यांकडे जाऊन वर्षभराचा अभ्यास चार रात्रींत घोटून घ्यायचा. छापील नोट्ससुद्धा विकत मिळायच्या.

हे विरोधकांचं कुजबुजणं नव्हे. 1903 मध्ये हार्वर्डच्याच प्राध्यापकांच्या समितीनं लिहून दिलं की मुलं अभ्यासाला फारच कमी वेळ देतात. त्या समितीतले लॉवेल 1909 मध्ये इलियटनंतर अध्यक्ष झाले आणि त्यांनी एका मुख्य विषयाची चौकट परत आणली.

शेवटचा बाक:
कोरी पाटी, टवाळी करणारी मुलं घोकंपट्टीच्या काळातही होतीच. फरक इतकाच की तेव्हा ज्याला खरंच शिकायचं होतं त्याचाही जीव गुदमरायचा. पुढे नामवंत झालेले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस आठवा. फिस्क या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजची पदवी हातात असूनही 1888 मध्ये हार्वर्डनं त्यांना तिसऱ्या वर्षापासून बसवलं. गोऱ्या मुलांच्या गायनमंडळानं घेतलं नाही. राहायला गावात एका कृष्णवर्णीय बाईंच्या घरी खोली. पण वर्गात? विल्यम जेम्स, सांतायाना अशा तत्त्वज्ञांकडे हवा तो विषय हवा तेवढा शिकता आला. 1890 ला तत्त्वज्ञानात सन्मानानं पदवी, 1895 ला डॉक्टरेट. जुन्या व्यवस्थेत त्यांना ग्रीकची रूपं पाठ म्हणत बसावं लागलं असतं.

नदीकाठ:
दुबॉइसांचं उदाहरण पटलं, पण तुमच्याच उदाहरणातली खोली बघा ना. मोकळीक वर्गापुरतीच होती. 1890 च्या दशकात हार्वर्डजवळच्या माउंट ऑबर्न स्ट्रीटवर श्रीमंत मुलांसाठी खासगी वसतिगृहं उभी राहिली. क्लॅव्हरली हॉल त्यांतलंच. तिथे वाफेवर तापणाऱ्या खोल्या आणि स्वतंत्र न्हाणीघरं, तर कॉलेजच्या आवारातल्या जुन्या इमारतींत कोळशाची शेगडी. एकाच वर्गात बसणारी मुलं दोन वेगळ्या गावांत राहत होती म्हणा ना. कोण कुठल्या क्लबात, यावर ओळखी ठरायच्या. ज्याच्या बापाची पेढी तयार आहे त्याला सोपे विषय परवडतात. शिष्यवृत्तीवरच्या मुलाची एक निवड चुकली की संपलं.

अंगणातली जाई:
आणि मुलींचं काय? याच इलियटनी 1869 च्या पहिल्याच भाषणात म्हटलं होतं की स्त्रियांच्या बौद्धिक कुवतीबद्दल जगाला जवळजवळ काहीच ठाऊक नाही. 1879 पासून हार्वर्डचेच प्राध्यापक वेगळ्या जागी मुलींना शिकवू लागले, पण हार्वर्डची पदवी त्यांना नाही. 1894 ला त्याचंच मुलींचं रॅडक्लिफ कॉलेज झालं, तरी नाहीच.

म्हणून मला सक्तीच्या अभ्यासक्रमाची बाजू घ्यावीशी वाटते. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात आपल्या आनंदीबाई जोशी 1883 ते 1886 शिकल्या. तिथे वैद्यकाचा ठरलेला अभ्यासक्रम होता आणि तो पुरा केल्याशिवाय पदवी नव्हती. जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली याही त्याच कॉलेजातून पुढे डॉक्टर झाल्या. तिथे मोकळीक दिली असती तर मुलींच्या ताटात हलकंच काहीतरी वाढलं गेलं असतं, आणि बाहेरचे म्हणाले असते, बघा, यांना एवढंच झेपतं. ठरलेल्या अभ्यासक्रमामुळे त्यांच्या पदवीकडे बोट दाखवणं अवघड झालं.

शेवटचा बाक:
जाईताई, तुमचा मुद्दा वैद्यकाला लागू आहे आणि तिथे मला तो मान्यच आहे. शरीररचना ऐच्छिक ठेवून चालणार नाही. पण साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान? तिथे सगळ्यांनी तेच वाचायचं हे ठरवणारे सगळेच्या सगळे पुरुष होते, आणि बहुतेक पाद्री. त्यांच्या यादीपेक्षा मी त्या अठरा वर्षांच्या मुलावर विश्वास ठेवीन, आणि दार उघडलं असतं तर मुलीवरही.

कोरी पाटी:
विश्वास ठेवा, पण सल्ला द्यायला कुणीतरी नेमा. इलियटच्या हार्वर्डात नेमकं तेच अपुरं पडलं. नदीकाठ म्हणतात तो शिष्यवृत्तीवाला मुलगा विषयांची जाडजूड यादी घेऊन एकटाच बसलेला असायचा.