उतारा कन्नडात, मग विश्वास कुणावर?

खानापूरची लेक
बाबा दिवाळीआधी गेले. शेताची पौती, म्हणजे वारसांची नावं लावायची आहेत. आमचं खानापूर कर्नाटकात, म्हणून जमिनीचा उतारा काढला तो सगळा कन्नडात. मला पाट्या वाचण्यापुरतं कन्नड येतं, आईला तेवढंही नाही. कचेरीसमोरचे झेरॉक्सवाले मामा वाचून दाखवतात, अर्ज भरतात, पन्नास रुपये घेतात. आई म्हणते, "मामा म्हणाले म्हणजे झालं." बाबांनी वीस वर्षं त्यांच्याच सांगण्यावर सह्या केल्या. माझा मात्र हात अडतो. मामा चांगले आहेत हो, पण हा विश्वास सरकारवरचा की मामांवरचा? तुम्ही काय करता?

वडगावकर
मामांवरचाच. सरकार आमच्याशी बोलतं ते त्यांच्याच तोंडून. पण तोच कागद दुसऱ्याकडूनही वाचून घ्या, आणि पहिल्याने काय सांगितलं ते त्याला सांगू नका. माझे चुलते ओळखीच्या शब्दावर एका पतसंस्थेत जामीन राहिले. आजतागायत हप्ते भरतायत.

उचगावचा
अगदीच अवघड नाही ते. नऊच्या रकान्यात मालक, दहात जमीन कशी मिळाली, अकरात इतर हक्क आणि बोजे, बारात कसणारा. कन्नडातही ऋणाला ऋणच म्हणतात, तेवढा शब्द ओळखायला शिका. सर्व्हे नंबर आणि हिस्सा माहीत असेल तर कर्नाटक सरकारच्या 'भूमी' साईटवर घरबसल्या उतारा बघता येतो.

निपाणी ०७
कागद मराठीत पाहिजे हे खरंच. भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमायचं ३५०-ब कलम १९५६ सालापासून घटनेत आहे. पण मराठीत असलेले तरी कोण वाचतं? बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विम्यातून मिळते, पतसंस्थेला तो विमा लागूच नाही. आमच्या गल्लीत चेअरमनला वाकून नमस्कार करणाऱ्या निम्म्यांना हे ठाऊक नसेल. पावतीपुस्तक मराठीतच असतं बरं का.

खानापूरची लेक
सगळ्यांना धन्यवाद. भाची कन्नड शाळेत दहावीला आहे, तिच्यापुढे उतारा ठेवला. अकराव्या रकान्यात सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा निघाला! घरात कुणी कधी बोललं नव्हतं. मनात नाही नाही ते येऊन तडक मामांकडे गेले. ते म्हणाले, "अगं, कर्ज कधीच फिटलंय, फक्त बोजा उतरवायचा राहिला. तुझ्या बाबांना मी दोनदा सांगितलं. घरात बोलू नको म्हणाले, बायको घाबरेल." म्हणजे मामा खरे, भाची खरी, उताराही त्याच्या जागी खराच. आई दोन दिवस बाबांच्या फोटोशी बोलत नाहीये.

आता सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज फिटल्याचा कागद, आणायचाय. तोही कन्नडात असणार. भाचीची परीक्षा संपेपर्यंत थांबते.